जुन्या पीसीला रॅम घेताय? आधी स्टिकवरच्या चिप्स मोजा

दहा-बारा वर्षांचा असेंबल केलेला पीसी हँग व्हायला लागला की पहिला सल्ला मिळतो, रॅम वाढव. सल्ला बऱ्याचदा बरोबरच असतो, पण रॅम वाढवली म्हणून प्रोसेसर जराही फास्ट होत नाही, फरक पडतो तो वेगळ्याच कारणाने. रॅम भरत आली की विंडोज त्यातला सध्या न लागणारा डेटा हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन टाकतं आणि लागला की परत आणतं. रॅममधून डेटा उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि फिरत्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास एक लाख पट. रॅमचं काम एका सेकंदात झालं असं धरलं तर तेच काम डिस्क जवळपास २८ तासांनी करून देईल! टॅब बदलला की कॅबिनेटवरचा लाल दिवा पेटलेलाच राहतो आणि माउस अडकतो ना, ते बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

म्हणून आधी बघून घ्या. रोजची सगळी कामं एकदम उघडा, ब्राउझर, टॅली, वर्ड जे काय असेल ते, आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क शंभरला चिकटलेली असेल तर रॅमच कमी पडतेय. मेमरी निम्मी रिकामी आहे आणि तरी पीसी रखडतोय तर रॅमवर पैसे घालू नका, त्याच पैशात एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. माझं मत विचाराल तर २ जीबीची ८ केली की जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण ८ ची १६ केली तर साध्या ऑफिसच्या कामात फारसं काही जाणवत नाही. आणि विंडोज ३२-बिट असेल तर आधी ६४-बिट टाकावं लागेल, कारण ३२ बिटांत ४ जीबीच्या पुढचे पत्ते बसतच नाहीत आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला जातात, त्यामुळे ४ जीबी लावूनही तीन-सव्वातीनच वापरायला मिळते.

आता कुठली रॅम. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही, जोर लावू नका. इथपर्यंत दुकानदारही सांगतो. खरी गोची पुढे आहे आणि त्यासाठी चिपच्या आत डोकवावं लागतं.

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर (इवलासा स्विच) आणि एक बारीकसा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) पुरतो हे सुचलं, १९६८ मध्ये पेटंट मिळालं, आणि आजची रॅमही मुळात तीच आहे. कपॅसिटरमध्ये चार्ज असला की एक, नसला की शून्य. पण हा चार्ज गळत राहतो, म्हणून प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून परत लिहावी लागते, पीसी नुसता चालू ठेवलात तरी हे काम थांबत नाही. हे सगळे बिट ओळी आणि रकान्यांत मांडलेले असतात आणि कुठली ओळ हवी ते मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारं सर्किट, काही ठरावीक तारांवरून सांगतो. डीडीआर३ च्या नेहमीच्या २ गिगाबिट चिपला ओळीच्या पत्त्यासाठी १५ बिट लागतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६. हा एक जादा बिट जुन्या कंट्रोलरला माहीतच नसतो!

इंटेलचा जी४१ चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्स, मेमरी कंट्रोलर त्यातच असतो) घ्या, कोर टू ड्युओच्या काळातला, आपल्याकडे सायबर कॅफेपासून क्लासपर्यंत भरपूर चालला. त्याच्या डीडीआर३ बोर्डला ४ जीबीची स्टिक चालते, पण १६ चिप्सवाली, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तीच ४ जीबी आठच चिप्समध्ये बसवलेली असेल तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची झाली (आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी), आणि बोर्ड ती नीट वाचू शकत नाही, डिस्प्लेच येत नाही. स्टिक खराब नसते, बोर्डही नसतो. त्यानंतरच्या एच६१ बोर्डवर ही भानगड नाही, तिथे दोन स्लॉटमध्ये ८-८ जीबी आरामात चालते. आणखी एक, ऑनलाइन स्वस्तात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्टिक मिळतात, त्यात एकेक चिप एका वेळी ८ ऐवजी ४ बिट देते आणि इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर तसल्या चिप्स चालवत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, बोर्डचा मॉडेल नंबर सांगा, स्टिक हातात घेऊन चिप्स मोजा आणि नाही चालली तर बदलून देणार का ते आधी विचारा.

दोन स्लॉट असतील तर एका मोठ्या स्टिकपेक्षा दोन सारख्या घ्या. डीडीआर३-१३३३ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १०.६ जीबी डेटा देते, ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात तेव्हा, दोन मिळून २१ च्या वर, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक दिसतो कारण ऑनबोर्ड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

लावताना प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग स्टिक कडेने धरून दोन्ही क्लिप टक् होईपर्यंत दाबा. डिस्प्ले नाही आला तर रॅम रबरने पुसून लावतात, ते चालतं, पण हलक्या हाताने आणि बोर्डपासून लांब, कारण स्टिकच्या कडेला ज्या धातूच्या पट्ट्या असतात त्यांच्यावरचा सोन्याचा थर फारच पातळ असतो आणि घासून घासून तो निघून जातो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड असेल तर तेच वापरा.

पीसी चालू झाला, ८ जीबी दिसली, तरी लगेच हिशोबाचं काम सुरू करू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एखादा बिट मधूनच चुकत असेल तर विंडोज चालू होतं, गाणी वाजतात, सगळं ठीक दिसतं आणि फाइल मात्र हळूहळू बिघडत जातात. सकाळी एक जरी एरर दिसली तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा आणि जी चुकतेय ती वॉरंटीत परत द्या.