आडनाव एलिस बेटावर बदललं का?

"पणजोबांचं आडनाव एलिस बेटावरच्या कारकुनाने बदललं," असं अमेरिकेतल्या अनेक जुन्या शेतकरी घराण्यांत सांगतात.

न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणारं केंद्र उघडलं १८९२ मध्ये. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जमीन कसायला आलेली कितीतरी नॉर्वेजियन कुटुंबं त्याआधीच पोचली होती. शिवाय तिथले अधिकारी नावं नव्याने लिहीत नसत. जहाज कंपनीने निघतानाच केलेल्या यादीशी ताडून पाहत.

बदल घडला तो घरातच. नॉर्वेच्या खेड्यात ओलेचा मुलगा ओल्सेन, आणि त्याला जोडून राहत्या शेताचं नाव. कुटुंब दुसऱ्या शेतावर गेलं की तेही बदले! अमेरिकेत कायमचं आडनाव हवं झालं, तेव्हा एका भावाने वडिलांचं नाव धरलं, दुसऱ्याने शेताचं. त्यामुळे सख्ख्या भावांची घराणी आज परकी वाटतात.

पडताळायचं तर आधी स्थानिक वृत्तपत्रातला जुना मृत्युलेख काढा. त्यात जन्मगाव, भावंडं सापडतात. सालं मात्र नातेवाइकांनी आठवून दिलेली, म्हणून जपून घ्यावीत. मग मिनेसोटातल्या लुथरन चर्चची बाप्तिस्मा-नोंद, आणि शेवटी नॉर्वेतल्या मूळ चर्चची वही. तिथे बाळाच्या वडिलांचं नाव आणि शेत बहुधा एकाच ओळीत असतं. यातल्या बऱ्याच वह्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात.