सेरेंडिपिटी आणि फ्लूक: दोन्हींत नशीब, पण अर्थ वेगळा

‘नशिबानं जमलं’ म्हणायचं असलं की इंग्रजीत यांपैकी कुठलाही शब्द चालेल असं वाटतं. पण अदलाबदल झाली, तर कौतुक करायला जाऊन अपमान होतो.

फ्लूक हा बिलियर्ड्सच्या टेबलावरून आलेला शब्द. नेम एका चेंडूवर धरला आणि खिशात भलताच पडला, तर तो फ्लूक. त्यात कसब नाही. आपला घुणाक्षरन्याय नेमका हाच: किडा लाकूड पोखरत जातो, अक्षर उमटतं, पण किड्याला ते वाचता येत नाही.

सेरेंडिपिटीची जन्मतारीखच ठाऊक आहे. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं पत्रात हा शब्द घडवला, सेरेंदीपच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. त्यानं दिलेलं उदाहरण असं: वाटेच्या डाव्या बाजूचं गवत निकृष्ट, तरी तेवढंच खाल्लेलं, त्यावरून एका राजपुत्रानं ताडलं की इथून गेलेलं खेचर उजव्या डोळ्यानं आंधळं आहे. योगायोग हवाच, पण जोडीला चाणाक्षपणाही हवा. शिवाय जे शोधत होतात तेच सापडलं, तर वॉलपोलच्या लेखी ती सेरेंडिपिटी नव्हे. आज ही अट बरेच जण विसरतात.

१९२८ मध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतला, तेव्हा जिवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी शिरली होती. ती नेमकी त्याच बशीत पडणं हा फ्लूक. बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले पाहून तो थबकला, बशी फेकून न देता त्या बुरशीच्या मागे लागला. पेनिसिलिनचा शोध सेरेंडिपिटी ठरतो तो इथून. म्हणून कुणाच्या शोधाला किंवा यशाला फ्लूक म्हणणं बोचतं: ‘तुझं त्यात काही नव्हतं’ असाच त्याचा अर्थ होतो.

वापरातली गफलत बहुधा ‘अ’ या उपपदाची असते. ‘इट वॉज अ फ्लूक’ बरोबर. ‘इट वॉज अ सेरेंडिपिटी’ कानाला खटकतं. तिथं ‘इट वॉज सेरेंडिपिटी’ किंवा ‘अ सेरेंडिपिटस डिस्कव्हरी’ म्हणा. उच्चारताना जोर ‘डि’वर द्या. आणि वाईट योगायोगाला सेरेंडिपिटी कधीच म्हणू नका. फ्लूक मात्र क्वचित तिथंही चालतो.