पार्श्वभूमी : कोकणातलं गवती घर 'कच्चं' कसं ठरलं

पेंढ्याने शाकारलेल्या शेतघराचं नाव आता निघतं ते घरकुलाच्या यादीपुरतं, आणि तिथला सगळा घोळ 'कच्चं' या शब्दाचा आहे.

जनगणनेच्या व्याख्येत गवत, बांबू, माती हे तात्पुरतं साहित्य; जस्ताचा पत्रा मात्र कायमचा. म्हणजे चारही बाजूंनी पत्रे ठोकलेली शेड पक्की आणि ऐनाच्या खांबांवर तीन पिढ्या नांदलेलं घर कच्चं! 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत 'एकच खोली, कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर' हा वंचिततेचा निकष झाला. 2016 च्या ग्रामीण आवास योजनेत दोन खोल्यांपर्यंतची घरं आली. पण ओटी, माजघर, पडवी यांत खोल्या किती धरायच्या? आणि भिंत जांभ्या चिऱ्याची, वर पेंढा असेल, तर त्या 'आणि'पाशीच घर यादीबाहेर.

खरं तर आयुष्य कमी होतं ते पेंढ्याचं, सांगाड्याचं नव्हे. मे महिन्यात शाकारणी व्हायची. धुराने काळा पडलेला पेंढा उतरवायचा आणि नवा वळचणीपासून आढ्याकडे चढत सुंभाने बांधायचा, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो. उतार उभा, त्यामुळे पाणी मुरायच्या आत पागोळ्यांनी गळून जातं. चुलीला धुराडं नसे. तोच धूर पेंढ्यातली कीड मारी. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या.

1865 मध्ये मंगळुरात यंत्राच्या कौलांचा कारखाना निघाला आणि पुढे ती कौलं किनाऱ्याने वर आली. कौलारू घर ही ऐपतीची खूण झाली. 1878 च्या वन कायद्याने जंगलातल्या लाकूडफाट्यावर बंधनं आणली. पण माझ्या मते खरा घाव 1960 च्या दशकाअखेरीस बसला. 'जया'सारख्या बुटक्या भाताच्या जाती आल्या, दाणा वाढला, पेंढा आखूड झाला. आखूड पेंढा शाकारायला पुरत नाही. शाकारणीला हात देणारे शेजारीही तोवर मुंबईला गेले होते.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात 'पक्क्या' घरांचे पत्रेही उडाले. आपत्तीच्या मदतीच्या निकषांत आणखी एक रकाना आहे, 'झोपडी'. कच्च्याहूनही हलकी, पेंढा, माती, प्लॅस्टिक वगैरेंची, अशी तिची व्याख्या. प्लॅस्टिकचा कागद आणि शाकारलेला पेंढा तिथे एकाच ओळीत बसतात.