राज्य क्रीडा दिन (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात दरवर्षी १५ जानेवारीला साजरा होणारा दिवस. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर (जि. सातारा) येथे झाला. राज्य शासनाने २०२४ पासून त्यांची जयंती क्रीडा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिनही हॉकीपटू मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीचाच आहे.

तारीख जन्माची असली, तरी या दिवशी आठवण निघते ती २३ जुलै १९५२ ची. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक पटकावले ते याच दिवशी. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. तांबड्या मातीत घडलेल्या या पैलवानासाठी मॅट तोवर नवखी होती, हे लक्षात घेता तो सहावा क्रमांकही लहान म्हणता येत नाही. बुटक्या, चपळ खाशाबांचा ढाक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे डोके पकडून त्याला जमिनीवर फेकणे, हा हुकमी डाव. हेलसिंकीत त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना नमवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ते हरले. सुवर्णपदक इशीलाच मिळाले. या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद ममादबेयोवसमोर उभे केले, आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय पदाधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते.

हेलसिंकीला जायचे पैसेही लोकांकडून उभे राहिले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. पदक घेऊन परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या लढून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. मिरवणुकीपेक्षा ही गोष्ट त्यांच्याविषयी अधिक सांगते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे.

त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले. महाराष्ट्राची प्रतीक्षा त्याहून लांबली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम साधणे) प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते ७२ वर्षांनी. राज्याच्या पहिल्या क्रीडा दिनानंतर सात महिनेही झाले नव्हते.