सकाळी साखर वाढलेली म्हणजे रात्री ती उतरली होती का?

"सकाळची साखर जास्त आली की समजायचं, रात्री ती खाली गेली होती, इन्सुलिन कमी करा." हा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. त्याचं मूळ १९३० च्या दशकातलं. साखर उतरली की शरीर उसळी मारून ती वर नेतं, असं मायकेल सोमोजी या रसायनशास्त्रज्ञांनी मांडलं होतं. पण दंडावर लावायच्या सेन्सरमुळे रात्रभराची साखर दिसू लागली आणि उलटंच आढळलं: रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच असते.

मग ती वाढते कशाने? पहाटे ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉलच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडतं. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन देऊन ती सावरतं, मधुमेहात ते जमत नाही. त्यात रात्रीच्या इन्सुलिनचा असर पहाटे ओसरला, की आकडा आणखी चढतो.

म्हणून कृपा करून अंदाजाने डोस बदलू नका. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजा. तीनला ११५, सातला १९०? ही पहाटेची वाढ. झोपतानाच २२० असेल तर रात्रीचं जेवण आणि त्याचा डोस तपासायला हवा. तीनला ७० च्या खाली असेल तर मात्र लगेच ग्लुकोज घ्या. अशा वेळी डोस खरोखरच कमी करावा लागू शकतो. संध्याकाळी एनपीएच (मध्यम काळ असर टिकणारं इन्सुलिन) घेणाऱ्यांनी हे आकडे डॉक्टरांना दाखवून, ते झोपताना घेतलं तर चालेल का, हे जरूर विचारावं.