गुळावरचे परदेशी नियम म्हणजे आपल्याला अडवायचा डाव? खुलासा

कोल्हापूरच्या गूळ बाजारात हे वर्षानुवर्षे ऐकू येतं : ‘परदेशातले नियम म्हणजे आपला माल अडवायचा डाव.’ तसं नाही.

मुख्य अडचण हायड्रॉसची, म्हणजे गूळ उजळ करायच्या रसायनाची आहे. रस उकळताना हायड्रॉस टाकलं की रवा (गुळाची ढेप) पिवळाधमक दिसतो, सौद्यात दर बरा मिळतो. पण त्यातून गुळात सल्फाइट (गंधकाचं संयुग) उरतं आणि दम्याच्या काही रोग्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. म्हणून किलोमागे सल्फाइट युरोपात 10 मिलिग्रॅमहून जास्त, अमेरिकेत 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर लेबलवर सांगावंच लागतं. हा नियम त्यांच्या स्वतःच्या मालालाही लागू आहे. आणि आपल्या एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) लेबल नियमांतही हाच आकडा आहे!

शिवाय 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेचा करार आहे. आरोग्याच्या नावाखाली घातलेल्या अटीला शास्त्रीय आधार लागतो, नाहीतर दुसरा देश दाद मागू शकतो.

मात्र एक तक्रार रास्त आहे. प्रयोगशाळेची फी, नोंदी, पॅकिंग हा खर्च मोठ्या निर्यातदाराला जड नाही. चार महिने चालणाऱ्या गुऱ्हाळाला तो झेपत नाही. मदत हवी ती तिथे.

हायड्रॉसशिवाय गूळ होतोच. रानभेंडीचा चिकट रस काहिलीत घालायचा, मळी वर आली की झाऱ्याने काढत राहायची. रंग तांबूस येतो. तो रंग पाहून दर पाडणारे आपलेच खरेदीदार आहेत, ब्रुसेल्समधले युरोपीय संघाचे अधिकारी नव्हेत.