हॉटेलात जेवताना कॅलरींचा हिशेब : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या आहार-सल्ला केंद्रात पहिल्यांदा आलेले बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात, "म्हणजे आता हॉटेल बंद का?" नाही, बंद नाही. लग्नाचा वाढदिवस, मुलांचा निकाल, ऑफिसमधला निरोपसमारंभ, बऱ्याच दिवसांनी भेटलेला मित्र, या गोष्टी आयुष्यातून वजा करून वजन उतरवण्यात काही अर्थ नाही. आम्ही फक्त मागवायचं काय आणि वेटरला सांगायचं काय, तेवढं सांगतो. ते एका भेटीत सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा आणि ज्यांच्यासोबत हॉटेलात जाता त्यांनाही वाचायला द्या.

भात सोडला, ग्रेव्ही राहिली

तुमच्या रोजच्या नोंदवह्या आम्ही वाचतो. त्यात एक वाक्य सारखं येतं : "काल बाहेर जेवलो, पण भात खाल्ला नाही." आणि वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं पनीर बटर मसाला. भात सोडणं मनाला किती जड गेलं असेल, ते आम्हाला कळतं. पण नेम चुकला.

वाटीभर शिजलेला भात, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, जवळपास २०० कॅलरींचा असतो. आता पनीर बटर मसाल्याची एक प्लेट धरू. त्यात १५० ग्रॅम पनीर असेल तर ४०० ते ४५० कॅलरी तिथेच होतात. ग्रेव्हीतलं एक मोठा चमचा तेल १२० चं. दोन मोठे चमचे लोणी २०० चं. वीसेक ग्रॅम काजू ११० ते १२० चे. वरून सोडलेलं क्रीम ७० च्या आसपास, आणि कांदा, टोमॅटो, चिमूटभर साखर मिळून आणखी पन्नास-साठ. बेरीज हजाराच्या घरात जाते. हा आमचा अंदाज आहे, प्रत्येक हॉटेलाचा हात वेगळा असतो. पण प्लेट तिघांत वाटली तरी एकाच्या वाट्याला तीनशेहून जास्त कॅलरी येतात, आणि त्यातला मोठा भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन ४ कॅलरी देतं, एक ग्रॅम तेल-तूप ९. म्हणून भाताकडे बोट दाखवण्याआधी वाटीतल्या रश्श्याकडे बघा.

आत, स्वयंपाकघरात काय चालतं

एवढं तेल-लोणी लागतंच कशाला, असं वाटेल. ऑर्डर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत भाजी टेबलावर यायची, तर दर वेळी कांदा परतून वाटण करायला वेळ नसतो. त्यामुळे बहुतेक हॉटेलांत ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. कांदा-टोमॅटोची पिवळी, टोमॅटो-लोण्याची लाल आणि उकडलेला कांदा, काजू, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) यांची पांढरी. मेन्यूकार्डावर चाळीस भाज्या असल्या तरी पाया या तीन-चार ग्रेव्ह्यांचाच. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परततात, आणि वर आलेल्या तवंगाखाली ग्रेव्ही सुकत नाही. तुमची ऑर्डर आत गेली की कढईत पुन्हा तेल किंवा लोणी पडतं, त्यावर दोन डाव ग्रेव्ही, मग पनीर किंवा भाजी, आणि उतरवताना क्रीम. म्हणजे तेल-लोणी दोनदा पडतं. पहिल्या वेळचं तुमच्या हातात नाही. दुसऱ्या वेळचं मात्र आहे, कारण ते तुमच्या ऑर्डरनंतर पडतं.

आणखी एक गोष्ट. भेंडी, फ्लॉवर, बटाटा, वांगं हे अनेक हॉटेलांत आधी तळून ठेवतात, मग मसाल्यात घालतात. भेंडी मसाला मागवला म्हणजे साधी भाजी खाल्ली, असं धरून चालू नका. वेटरला सरळ विचारा, "भेंडी तळून घालता का?" विचारण्यात कमीपणा नाही. चांगला वेटर आत जाऊन विचारून येतो.

मेन्यूकार्ड वाचताना

माखनी, मलई, शाही, काजू, कोफ्ता हे शब्द दिसले की लोणी, क्रीम, काजूची पेस्ट किंवा तळण, यांतलं काहीतरी आलंच. मलई कोफ्त्यात तर तळलेला गोळा आणि पांढरी ग्रेव्ही दोन्ही येतात. दाल माखनी आणि दाल तडका मेन्यूत शेजारी असतात, पण माखनीत लोणी आणि क्रीम घालून घोटतात, तर तडक्यात फोडणी तेवढी वरून असते. कोल्हापुरी किंवा कढाई नावाच्या भाज्यांत क्रीम सहसा नसतं, तेलाची तर्री असते, आणि ती दिसते. दिसणारं तेल चमच्याने बाजूला करता येतं, क्रीममध्ये मिसळलेलं येत नाही. दोन्हींतून निवडायचंच असेल तर आम्ही कोल्हापुरी निवडू.

तंदूर हा तुमचा सगळ्यात भरवशाचा मित्र. तंदुरी चिकन दह्या-मसाल्यात मुरवून भट्टीत भाजतात, कातडी काढलेली असते, प्रथिनं भरपूर आणि तेल कमी. मासे, मशरूम, पनीर टिक्का, सगळं चालेल. मलई टिक्का मात्र नावात टिक्का असूनही क्रीममध्ये मुरवलेला असतो. आणि भट्टीतून काढल्यावर वरून लोणी फासायची पद्धत आहे, ते नको म्हणून आधीच सांगा.

मोठ्या साखळी हॉटेलांत एक सोय आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या किंवा केंद्रीय परवाना घेतलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्यात, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२२ पासून लागू आहे. तिथे 'किलोकॅलरी' लिहिलेलं असतं. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो, ती हीच. फक्त आकडा किती ग्रॅमच्या वाढपाचा आहे, तेही शेजारी वाचा. कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलाला हा नियम नाही, तिथे वरचा अंदाजच कामी येईल.

रोटी, पापड, पेय

तंदुरी रोटीला साधारण ४०-५० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे १३० ते १६५ कॅलरी. नान मैद्याचा आणि आकाराने मोठा, त्यामुळे एकच नान दोन रोट्यांच्या जवळ जातो, आणि बटर नान त्याच्याही पुढे. ज्वारीची भाकरी मिळत असेल तर ती घ्या. पापड भाजलेला सांगा, कारण तळताना तो चांगलंच तेल पितो.

पेयांबद्दल थोडं सविस्तर, कारण नोंदवहीत ती लिहायची राहतात. ताक, सोलकढी, मीठ-लिंबू सोडा ठीक. गोड लस्सीत चार चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्या ८० कॅलरी, दही-मलई वेगळी. दारूही हिशेबात धरायची असते. एक ग्रॅम मद्यार्कातून ७ कॅलरी मिळतात. आपल्याकडच्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलीचा पेग सुमारे ७० कॅलरींचा, कोल्ड्रिंक घातलं तर त्याची साखर वरून. आणि पेगसोबत येणारे मसाला शेंगदाणे, एका मुठीला दीडशेच्या पुढे. गप्पांमध्ये मुठी मोजल्या जात नाहीत, म्हणून बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवा. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर दारूबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

उडपी हॉटेलात इडली-सांबार, साधा डोसा हलके. मेदूवडा तळलेला. मैसूर मसाल्यात तव्यावरच लोणी पडतं, ते कमी करायला सांगता येतं. मालवणी खानावळीत माशाचं तिखलं आणि भात घ्या, वडे एखादाच. अनलिमिटेड थाळी मात्र सध्या टाळा. तिथे वाढपी आग्रहाने वाढत राहतो आणि "पैसे वसूल" व्हावेत असं मनातही येतं. दोन्हींसमोर नियम टिकवणं फार अवघड जातं.

वेटरला नेमकं काय सांगायचं

"कमी तेलकट करा" एवढंच म्हटलं तर आत काही पोचत नाही. असं सांगा : "वरून बटर आणि क्रीम नको, तसं लिहून घ्या. रोटी बिना बटरची. पापड भाजून. आणि एक ग्रीन सॅलड आधी आणा." ऑर्डरच्या कागदावर लिहिलं गेलं तरच आचाऱ्यापर्यंत जातं, म्हणून "लिहून घ्या" हे दोन शब्द गाळू नका.

चौघं असाल तर दोन भाज्या आणि एक डाळ पुरते. कमी पडलं तर मागवता येतं. वाटीतून पनीरचे, भाजीचे तुकडे उचला आणि ग्रेव्ही रोटीपुरतीच घ्या. शेवटी वाटी रोटीच्या तुकड्याने पुसून घ्यायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. अन्न टाकू नये, हा संस्कार आम्हालाही प्रिय आहे. त्यासाठी उरलेली भाजी बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी तिच्यात उकडलेले मटार, फ्लॉवर घालून घरात चौघांना होते.

रात्री हॉटेलात जायचं म्हणून दिवसभर उपाशी राहू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही, साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. इतरांचंही उपाशीपोटी मेन्यूकार्ड हातात आल्यावर काय होतं, ते तुम्ही जाणता. निघण्याआधी एखादं फळ किंवा मूठभर फुटाणे खा.

दुसऱ्या दिवशी

सकाळी वजनकाट्यावर उभे राहू नका. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा किलोभर पुढे दिसू शकतो. ती चरबी नव्हे, दोन-तीन दिवसांत ते पाणी उतरतं. या काट्याला घाबरून कितीतरी जण आमच्याकडे यायचेच थांबतात, आणि त्याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

नोंदवहीत मात्र सगळं लिहा, गुलाबजामसुद्धा. आम्ही रागावत नाही. लिहायचा कंटाळा असेल तर हॉटेलचं बिल वहीत चिकटवा आणि किती जणांत खाल्लं ते शेजारी लिहा. पुढच्या भेटीत तेच बिल समोर ठेवू आणि तुमच्या नेहमीच्या हॉटेलात पुढच्या वेळी काय मागवायचं, ते नाव घेऊन ठरवू.